लॉगबुकात टर्नर, हातात कानस

कंपनीच्या स्वतःच्या शिकाऊ योजनेतून मी दोन वर्षांत टर्नर, म्हणजे लेथवर (धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर) काम करणारा कारागीर झालो. म्हणजे कागदावर झालो. लेथवर आटे पाडायला मला एकदाही उभं केलं नव्हतं.

भरतीच्या वेळी सांगितलं होतं, आधी मोजमाप आणि फाइलिंग (कानशीने घासणं), मग टर्निंग (बाहेरून कापणं), बोअरिंग (भोक आतून मोठं करणं), शेवटी थ्रेडिंग, म्हणजे आटे पाडणं. तिसऱ्याच आठवड्यात ड्रिल मशीनवर बसवलं. एकच जिग (भोकाची जागा ठरवणारा साचा), एकच भोक, दिवसभर. उरलेल्या वेळात कानशीने बर, म्हणजे कडेला उरलेले धारदार कंगोरे काढायचे आणि लेथखालचा कीस उपसायचा. विचारलं की फोरमन म्हणायचे, "ऑर्डर जाऊ दे, मग बघू." कायम कामगाराचं काम शिकाऊच्या विद्यावेतनात होत होतं, ती ऑर्डर संपणार तरी कशी?

सगळ्यात जिव्हारी लागतं ते लॉगबुक, शिकलेल्या कामाच्या तासांची नोंदवही. महिनाअखेरीस ते ऑफिसातून भरूनच यायचं. 'बोअरिंग, ४० तास.' 'थ्रेडिंग, ६० तास.' खाली फक्त माझी सही. सगळेच करत होते, मीही केली. पुढे तक्रार करायला गेलो तेव्हा त्याच सह्या माझ्यापुढे ठेवल्या.

पुढे दुसऱ्या ठिकाणी ट्रेड टेस्टला, म्हणजे हातकामाच्या परीक्षेला गेलो. ड्रॉइंगवर एम २० चे, म्हणजे २० मिलीमीटर व्यासाचे आटे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २.५ मिलीमीटर. पहिला कट बरा बसला. दुसऱ्या वेळी चेसिंग डायलची (टूल कधी जोडायचं ते दाखवणाऱ्या तबकडीची) खूण न बघताच हाफ नट, म्हणजे टूलला चाल देणारी पकड टाकली आणि टूल जुन्या खाचेत न पडता शेजारून गेलं. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, वाया. परीक्षकांनी लॉगबुकातल्या नोंदीवर बोट ठेवलं. "साठ तास?" एवढंच विचारलं.

करारात मधेच सोडलं तर प्रशिक्षणाचा खर्च भरायचा, हे ठळक होतं. काय शिकवणार, हे कुठेच नव्हतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची २०२३ ची शिफारस क्रमांक २०८ याच विषयावर आहे. शिकाऊला कोणती कौशल्यं मिळणार हे लेखी करारात असावं, असं ती सांगते. हे मला सही करून झाल्यावर कळलं.

तुम्ही सहीआधी ते लिहून मागा. रोज काय केलं ते स्वतःच्या वहीत तारखेसह टिपा, न केलेल्या कामाखाली सही करू नका. आणि आत जाण्यापूर्वी आधीच्या बॅचमधल्या एखाद्याला गाठून विचारा, "मशीन स्वतः सेट करून पहिला जॉब कधी काढलास?"