चोर स्विच, रिमोट की जीपीएसचा रिले: रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी काय घ्यावं?

माझी वॅगन-आर २०११ ची. सोसायटीत पार्किंग आहे, पण गाड्या जास्त आणि जागा कमी, त्यामुळे ती कायम बाहेर, कडुनिंबाखाली. दोन इमारती सोडून एकाची गाडी एका रात्रीत गेली तेव्हा आमच्याकडेही विषय निघाला. त्यानंतर या गाडीत मी किल स्विचचे दोन प्रकार बसवून पाहिले, तिसरा भावाच्या टुरिस्ट परमिटच्या अर्टिगात आहे. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं स्वतःच्या खिशातून शिकलेलं आहे.

आधी मुद्द्याचं. किल स्विच म्हणजे गाडी सुरू व्हायला लागणारी एखादी वायर मध्येच तोडणं. तोडायचं बटण हाताने दाबायचं, खिशातल्या रिमोटने की मोबाइलवरून, हा पुढचा प्रश्न. दुकानात मात्र सगळी चर्चा बटणावरच होते आणि वायर कोणती तोडणार हे कोणी सांगत नाही. खरा फरक तिथे आहे.

सेल्फ तोडायचा की पंप?

सेल्फची, म्हणजे स्टार्टरची, वायर तोडली तर किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतच नाही. फायदा असा, की धावत्या गाडीला या वायरशी काही देणंघेणं नाही. रस्त्यात ती तुटली तरी गाडी चालत राहते. तोटा असा, की मॅन्युअल गिअरची गाडी दोघं मिळून धक्का देऊन सुरू करू शकतात.

पेट्रोल पंपाची वायर तोडली तर गंमत होते. पाइपात दाब शिल्लक असतो, त्यामुळे गाडी सुरू होते, काही सेकंद चालते आणि आचके देत गप्प होते. चोराला वाटतं गाडीच बिघडलेली आहे. भर रस्त्यात बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडून बसायची हौस त्याला नसते. पण हीच वायर गाडी चालू असताना तुटली तर बंद पडणारी गाडी तुमची असते.

सीएनजीवाल्यांनी इथे थांबून विचार करावा. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये अडचणीच्या वेळी थेट गॅसवर सुरू करायची सोय असते. नुसता पेट्रोल पंप तोडलेला असेल तर ती गाडी खुशाल निघून जाते. जुन्या डिझेल जीपगाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या पंपावरच्या सोलेनॉइडला, म्हणजे डिझेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या विजेच्या झडपेला, बॅटरीपासून एक वायर थेट जोडली की आत डॅशबोर्डखाली तुम्ही काहीही तोडलेलं असो, धक्क्यावर सुरू होतात.

चोर स्विच

गॅरेजमध्ये याला चोर स्विच म्हणतात आणि हा सगळ्यात जुना उपाय. डॅशबोर्डखाली, सीटच्या कडेला, कुठेतरी एक साधं बटण. सामान दोन-तीनशे रुपयांचं, बाकी मजुरी. बिघडण्यासारखं त्यात जवळजवळ काही नाही. रिमोटचा सेल संपायची भीती नाही, सिमचा रिचार्ज नाही.

दोन गोष्टी मात्र बघून करून घ्या. एक म्हणजे पंपाला जाणारी जाड वायर तोडू देऊ नका. त्या वायरमधून बराच करंट जातो, हलकं बटण तापतं आणि जोड सैल होतो. पंपाच्या रिलेला, म्हणजे थोड्या विजेवर जाड वायर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचला, चालू करणारी जी बारीक वायर असते ती तोडली की काम तेच होतं आणि लहानसं बटणही पुरतं. दुसरी गोष्ट जोडाची. आमच्या इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डखाली उताणं पडून, टेस्ट लॅम्प तोंडात धरून, दोन वायरी सोलल्या, पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. मे महिन्यात टेपचा गोंद पाघळला आणि जोड उघडा पडला. तेव्हापासून मी लग (वायरच्या टोकावर आवळायचा धातूचा तुकडा) किंवा सोल्डर आणि वर उष्णतेने आवळणारी नळी, याच्याशिवाय कोणाला वायर तोडू देत नाही.

याची खरी अडचण माणसाची आहे. बटण दाबायला विसरतो. पहिला महिना रोज आठवण राहते, मग पाऊस असतो, हातात भाजीच्या पिशव्या असतात, आणि बटण तसंच राहतं. शिवाय जागा ठरलेल्या: स्टिअरिंगखाली, ॲशट्रेमागे, फ्यूज बॉक्सशेजारी. तुमच्या इलेक्ट्रिशियनला सुचली ती जागा चोरालाही सुचते.

रिमोटचा किल स्विच

या दोन्ही अडचणींवर रिमोट हा उपाय वाटतो, आणि अर्धा आहेही. गाडीत दिसण्यासारखं बटण नाही, आणि बरेच संच इग्निशन बंद केल्यावर थोड्या वेळात आपोआप लागतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नुसता रिसीव्हर आणि दोन रिमोट काही शे रुपयांत मिळतात. मी तोच घेतला होता. बसवल्यावर रिमोट दाबला की डॅशबोर्डमागे रिले बारीक ‘टक’ करायचा आणि मला फार हुशार झाल्यासारखं वाटायचं.

मग एका रविवारी दिवे घाटात चढताना, खाली मस्तानी तलाव दिसू लागतो त्या वळणाच्या जरा पुढे, गाडी गप्प झाली. स्टिअरिंग दगडासारखं जड. ब्रेक पहिल्यांदा नीट लागला, दुसऱ्यांदा पाय टेकवावा लागला, कारण इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच उरतो. मागे खडीचा डंपर. हँडब्रेक ओढून, पार्किंग लाइट लावून, घाम पुसत बसलो तेव्हा लक्षात आलं, की किल्लीच्या जुडग्यात लटकणारा रिमोट माझ्याच गुडघ्याने दाबला गेला होता. दोष रिमोटचा नव्हता. पंपाच्या वायरवर रिमोट बसवायला मी ‘हो’ म्हटलं, दोष त्याचा होता.

तेव्हापासून या विषयात मी एकच प्रश्न आधी विचारतो: हे यंत्र मेलं तर गाडी चालू राहते की बंद पडते?

उत्तर रिलेच्या जोडणीत असतं. गाडीच्या नेहमीच्या पाच पायांच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए असे आकडे छापलेले असतात. वायर ८७ए वर घेतली तर रिलेला वीज नसताना गाडी चालू राहते, आणि गाडी रोखायची तर रिलेला सतत वीज द्यावी लागते. साध्या रिलेचं कॉइल साधारण दीडशे मिलिअँपिअर खातं, म्हणजे दिवसाला साडेतीन अँपिअर-तास. माझ्या गाडीची बॅटरी पस्तीसची. आठवडाभर गावी जाऊन आलात तर चोर तर नाहीच, तुम्हीही गाडी सुरू करू शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे चोराने बॅटरीचं टर्मिनल काढून पुन्हा लावलं तर स्वस्तातले रिसीव्हर ‘मी बंद केलं होतं’ हे विसरतात आणि गाडी मोकळी होते.

वायर ८७ वर घेतली तर उलट. उभ्या गाडीत रिलेला वीज लागत नाही, टर्मिनल काढून लावलं तरी गाडी बंदच. पण धावताना रिले किंवा रिसीव्हर दगावला तर ज्या वायरमध्ये रिले बसवलाय ती तुटते. म्हणून माझं मत असं बनलं: रिमोट बसवायचाच तर ८७ वर आणि फक्त सेल्फच्या वायरवर. मग यंत्र मेलं तर वाईटात वाईट म्हणजे गाडी जिथे उभी आहे तिथेच उभी राहते. धक्क्याची पळवाट उरते हे खरं, पण कंपनीचा इमोबिलायझर शाबूत असेल तर धक्का मारूनही ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन धरत नाही. ऑटोमॅटिक गाडीत तर हा प्रश्नच नाही.

दुसरी गोष्ट रिमोटच्या कोडची. हे बहुतेक रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, आणि स्वस्तातले दर वेळी तोच कोड पाठवतात. हवेतून एकदा टिपला की झालं. तपासायची सोपी युक्ती: सोसायटीच्या गेटचा रिमोट कॉपी करून देणाऱ्याकडे जा आणि तुमचाही कॉपी करायला सांगा. एका मिनिटात झाला तर तो रिमोट परत करा. दर दाबण्याला कोड बदलणारा, म्हणजे रोलिंग कोडचा, संच महाग असतो पण घ्यायचा तर तोच. अभेद्य तोही नाही. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकी संशोधकाने जेमतेम तीस डॉलरच्या यंत्राने रोलिंग कोडलाही चकवून दाखवलं होतं. पण २०११ च्या वॅगन-आरसाठी कोणी एवढा खटाटोप करेल असं मला वाटत नाही. गाडी फॉर्च्युनर असेल तर हिशोब वेगळा.

जीपीएसचा रिले

वरच्या दोन्हींत गाडी कुठे आहे ते कळत नाही, इथे कळतं. ट्रॅकरमध्ये सिम असतं आणि ॲपवरून किंवा एसएमएसने आज्ञा दिली की रिले पंप तोडतो. बऱ्याच ट्रॅकरमध्ये वेग ताशी २० किलोमीटरच्या खाली आल्याशिवाय पंप तुटत नाही, आणि ही सोय असेल तरच तो घ्यावा. भावाच्या अर्टिगावर ड्रायव्हर आहे, गाडी रात्री-अपरात्री शिर्डी, नाशिक करते. त्याला चोरीपेक्षा ‘गाडी आत्ता कुठे आहे’ हेच जास्त उपयोगाचं.

पण हा प्रकार परावलंबी. ताम्हिणीत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, बेसमेंटमध्ये नसते. ट्रॅकर फक्त टूजीवर चालणारा असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं टूजी नेटवर्कच नाही. आणि रिचार्ज संपल्याचं नेमकं गाडी गेल्यावर कळतं.

मोठा धोका मात्र वेगळा आहे. जी आज्ञा तुम्ही देऊ शकता ती तुमचा पासवर्ड असणारा कोणीही देऊ शकतो. २०१९ मध्ये एका हॅकरने आयट्रॅक आणि प्रोट्रॅक या ट्रॅकर ॲपची हजारो खाती उघडली. किल्ली काय होती? १२३४५६, म्हणजे कंपनीने दिलेला आणि कोणी न बदललेला पासवर्ड. त्यात भारतातल्या गाड्याही होत्या आणि काहींचं इंजिन बंद करणं त्याला शक्य होतं. त्याआधी २०१० मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात एका डीलरच्या कामावरून काढलेल्या माणसाने शंभराहून जास्त ग्राहकांच्या गाड्या घरबसल्या बंद पाडल्या आणि काहींचे हॉर्न वाजत ठेवले. हप्ते थकले तर गाडी रोखता यावी म्हणून डीलरनेच ती यंत्रं बसवलेली होती. तेव्हा ट्रॅकर बसवून देणाऱ्याने तुमचं खातं स्वतःच्या नंबरवर उघडलं असेल तर आजच बदलून घ्या.

नवी गाडी असेल तर

वॉरंटीतल्या गाडीची वायर तोडू नका. पुढे काही इलेक्ट्रिकल बिघाड झाला तर सर्व्हिस सेंटरचं पहिलं बोट त्या जोडाकडे जातं. ह्युंदाईने २०१९ मध्ये व्हेन्यूबरोबर आणलेल्या ब्लूलिंकमध्ये, म्हणजे गाडी मोबाइल ॲपशी जोडणाऱ्या सेवेत, चोरीला गेलेली गाडी शोधायची आणि रोखायची सोय आहे, कियाच्या अशा ॲपशी जोडलेल्या गाड्यांतही आहे. तुमच्या मॉडेलमध्ये ती असेल तर फक्त सदस्यत्व संपू देऊ नका.

गिअर लॉकबद्दल थोडक्यात: बसवा. तो दिसतो, हेच त्याचं काम. किल स्विच चोराला आत आल्यावर कळतो, गिअर लॉक काचेतूनच दिसतो. आणि मारुतीची ईको असेल तर हेही लक्षात ठेवा, की तिचा सायलेन्सर आतल्या मौल्यवान धातूंसाठी गाडीखाली शिरून कापून नेतात. तिथे यातलं काहीच कामाचं नाही.

विम्याचं काय?

‘हे बसवा, प्रीमियम कमी होतो’ असं दुकानदार हमखास सांगतो. मोटार टॅरिफमधली, म्हणजे मोटार विम्याच्या दरपत्रकातली, सवलत ओन डॅमेज प्रीमियमच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हिश्श्याच्या) २.५ टक्के आहे, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या पुण्यातल्या संस्थेने मान्यता दिलेल्या यंत्रालाच. पुणेकरांना एआरएआय म्हटलं की सकाळची टेकडी आठवते. त्याच संस्थेचा कागद हवा. तपकीर गल्लीतल्या डबीला तो मिळालेला नसतो. दाव्याच्या वेळी मात्र विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. त्यामुळे दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच शोधून ठेवा, सवलतीपेक्षा ते महत्त्वाचं.

मग कोणी काय घ्यावं?

गाडी जुनी, चालवणारे एक-दोन जण आणि बटण दाबायची शिस्त असेल तर चोर स्विच, पंपाच्या बारीक वायरवर. शिस्त नसेल, किंवा घरातले चौघं गाडी नेत असतील, तर आपोआप लागणारा रोलिंग कोडचा रिमोट, सेल्फवर. गाडी ड्रायव्हरकडे किंवा भाड्याने जात असेल तर ट्रॅकर, स्वतःच्या नंबरवर आणि स्वतःच्या पासवर्डवर. रिमोटवर पंप तोडून देतो म्हणणाऱ्या दुकानातून मी आता उठून येतो.

पैसे द्यायच्या आधी दुकानासमोरच बघा. गाडी रोखा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा, मिनिटभराने लावा आणि किल्ली फिरवा. सुरू होऊन चालतच राहिली तर जोडणी बदलायला सांगा.

माझ्या वॅगन-आरमध्ये सध्या गिअर लॉक आणि चोर स्विच आहे. बटणाची जागा मी स्वतः निवडली, बायकोला माहीत आहे. सर्व्हिसिंगला देताना गाडी सुरू होईल असं बटण ठेवूनच किल्ली देतो, कोणी विचारत नाही आणि मी सांगत नाही. तो जुना रिमोट अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे, सेल काढलेला.