ड्युओ-आर्ट पियानो : चाल वेगळी, साथ वेगळी

पेटी वाजवणाऱ्याला एक अडचण चांगली ठाऊक असते : एकाच वेळी दाबलेल्या सगळ्या पट्ट्यांना भात्याचा दाब सारखाच मिळतो, त्यामुळे त्यांतला एखादा स्वर ठळक आणि बाकीचे मंद ठेवता येत नाहीत. कागदी रोलवर चालणाऱ्या जुन्या पियानोंपुढेही हाच प्रश्न होता. अमेरिकेतील एओलियन कंपनीच्या ड्युओ-आर्ट यंत्रणेने तो कसा सोडवला, हे नीट दुरुस्त केलेल्या एका ग्रँड पियानोवर मला अलीकडेच सावकाश ऐकता आणि पाहता आले.

रोलमधले भोक पितळी पट्टीवरील छिद्रासमोर आले की त्यातून हवा आत शिरते, झडप हलते आणि त्या स्वराचा छोटा भाता शोषणाने, म्हणजे आतली हवा ओढली गेल्याने, मिटून हातोडी तारेवर आदळते. शोषण जितके जोरकस, तितका हातोडीचा वेग जास्त आणि नाद मोठा. म्हणजे स्वरांच्या लहानमोठेपणाचा सारा कारभार कोणत्या क्षणी किती शोषण द्यायचे, एवढ्यावर येऊन ठेपतो. ड्युओ-आर्टमध्ये त्यासाठी दोन नियंत्रक आहेत, एक मुख्य चालीचा आणि एक साथीचा. प्रत्येकाला चार लहान भात्यांची जोडणी असून ते अनुक्रमे एक षोडशांश, एक अष्टमांश, पाव आणि अर्धा इंच मिटतात. तराजूच्या १, २, ४ आणि ८ अशा चार वजनांनी जसे शून्यापासून पंधरापर्यंतचे कोणतेही माप साधता येते, तसे या चार भात्यांच्या मेळातून जोराच्या १६ पायऱ्या मिळतात. या सूचनांसाठी पट्टीच्या दोन्ही टोकांची चार-चार छिद्रे खर्ची पडतात. म्हणून पियानोच्या ८८ पैकी ८० स्वरच रोलवरून वाजतात. ही किंमत मला रास्त वाटते.

खरी करामत याच्या पुढे आहे. स्वरपट खालच्या आणि वरच्या अशा दोन भागांत विभागलेला असतो आणि एरवी दोन्ही भागांना साथीचे शोषण मिळते. पण रोलच्या कडेला दोन बारीक भोकांची जोडी आली की तेवढ्या क्षणापुरता तो भाग चालीच्या शोषणावर जातो. एकत्र वाजणाऱ्या स्वरांपैकी चालीचा स्वर रोलवर इतर स्वरांच्या किंचित आधी कापलेला असल्याने तो ठसठशीत वाजतो आणि मागोमाग येणारे स्वर साथीच्या मंद जोरावर उतरतात. हे अंतर कानाला जवळजवळ कळत नाही. संथ रचनांमध्ये वरची चाल साथीवर तरंगत राहिलेली ऐकताना मला विलक्षण आनंद झाला.

मर्यादाही सांगायला हव्यात. एका क्षणी शोषणाच्या पातळ्या दोनच उपलब्ध असल्याने तीन-चार स्वरधारा एकत्र विणलेल्या रचनांत मधली धारा साथीत विरून जाते. शिवाय रोलवरील जोराच्या खुणा वादकाच्या बोटांचे थेट मोजमाप नव्हेत. वादन चालू असताना मुद्रणाचा निर्माता जोर ठरवणाऱ्या नियंत्रण-तबकड्या फिरवून त्या खुणा नोंदवत असे आणि नंतर त्यांवर संपादनाचे काम होई. त्यामुळे पाडेरेव्हस्की किंवा पर्सी ग्रेंजर या पियानोवादकांचे रोल ऐकताना स्वरांच्या वेळेवर अधिक भरवसा ठेवावा, जोरावर थोडा कमी. जर्मनीतील १९०४ च्या वेल्टे-मिन्योन यंत्रणेत जोर पायऱ्यांऐवजी हळूहळू चढतो-उतरतो; लांब चढावांत मला ती अधिक सहज वाटते, चाल उठवण्यात मात्र ड्युओ-आर्ट सरस आहे.

असे वाद्य घेण्याचा विचार असेल तर मोठ्या आवाजाच्या रोलवर भुलू नये. पूर्वी एका ठिकाणी ऐकलेल्या पियानोत चामडी पडदे आणि रबर चढवलेले कापड जुने होऊन हवा गळत होती. जोरकस भाग दणक्यात वाजत होते, पण मंद जागी निम्मे स्वर उमटतच नव्हते. म्हणून विक्रेत्याला चाचणीचा रोल लावायला सांगावे आणि साथीच्या शून्य पायरीवर प्रत्येक स्वर हळू, पण न चुकता वाजतो की नाही, ते आधी तपासावे.