कुत्र्याची भूक वाढवणारी ‘हर्बल’ पावडर: 10,649 रुपयांना पडली

सल्ल्याचे 499, पहिल्या डब्याचे 2,350 आणि तीन महिन्यांच्या ‘कोर्स’चे 7,800. कोर्स आलाच नाही. पैसे पोहोचले आणि पावडर विकणाऱ्या बाईने मला ब्लॉक केलं.

आमचा टफी पॉमेरेनियन. कोरड्या दाण्यांचा वास घेऊन तोंड फिरवायचा, भातातलं चिकन तेवढं वेचून खायचा. घरच्यांचं एकच, ‘तूच लाडावून ठेवलंय.’ त्यात इन्स्टावरची ही ‘पेट न्यूट्रिशनिस्ट’ फोनवर इतकी गोड! ‘ताई, बाळाचं वजन किती, शी कशी होते?’ एवढी चौकशी कुणी केली तर विश्वास बसणारच ना?

डब्यावर पंजाचं चित्र आणि ‘शंभर टक्के हर्बल’. घटक नाहीत, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. मी तो उलटासुलटा करून पाहिला होता हो! पाहिला आणि चमचा मोजून पावडर घातली. टफी वाटीवर तुटून पडायला लागला. सोबत पाण्याचं भांडंही सारखं रिकामं व्हायला लागलं, आणि घरात कधी घाण न करणारा कुत्रा हॉलमध्ये शू करायला लागला. बाई म्हणाली, ‘टॉक्सिन्स बाहेर पडतायत, ताई.’ त्याच फोनवर मी 7,800 पाठवले. टॉक्सिन्स म्हणे! आठवलं की आजही डोकं फिरतं.

डॉक्टरांना स्टेरॉइडचा संशय आला. त्यानेही भूक, तहान, लघवी एकदम वाढते. पण लॅबच्या रिपोर्टशिवाय लिहून देणार नाहीत. (अशी पावडर चालू असेल तर मनाने झटक्यात बंद करू नका, डबा घेऊन डॉक्टरांकडे जा.) मग त्यांनी टफीचा ओठ वर केला. मागच्या दाढेवर पिवळा, दगडासारखा थर, हिरडी लालभडक. नखरे कसले, दाणे चावताना दुखत होतं त्याला! कुत्रा खाईना झाला की आधी दात बघा, गोचीड तापासाठी रक्त तपासा.

चौकीत साहेब हसले. ‘कुत्र्याच्या खाण्याचे दहा हजार? मॅडम, पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ ग्राहक आयोगात जा म्हणाले. एका सरकारी ऑफिसात ‘जनावरांचं आमच्याकडे नाही’, दुसऱ्यात ‘औषधाचं आमच्याकडे नाही’. अहो, 1940 च्या औषध कायद्यात माणसांबरोबर जनावरांचीही औषधं येतात! कलम दाखवलं तर म्हणे लेखी अर्ज द्या. दिला. पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा, मी केला तसा उशीर नको. चॅट डिलीट करू नका. आगाऊ कोर्सचे पैसे तर कुणालाच देऊ नका.

त्या पेजचं आता नाव बदललंय. डबा तोच, कोर्स 6,999 ला.