रंग मारलेल्या भंगार स्प्रिंग नव्या म्हणून विकल्या

नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत गाडी वळवताना पुढच्या डाव्या चाकातून टक्क असा आवाज येऊ लागला. चाक काढून पाहिलं, तर कॉइल स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा तुटला होता. स्प्रिंग बदलायच्या तर दोन्ही बाजूंच्या सोबतच, नाहीतर गाडी एका अंगाला कलते. घरच्या गाड्यांची कामं मीच करतो, म्हणून हेही घरीच करायचं ठरवलं.

शहरातल्या एका स्पेअरच्या दुकानात गेलो. गाडी डिझेल आहे, हे दोनदा सांगितलं. डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे पुढची स्प्रिंग पेट्रोलपेक्षा वेगळी येऊ शकते. दुकानदाराने आतून काळ्या कुळकुळीत दोन स्प्रिंग आणल्या. डबा नाही, वर फक्त एक स्टिकर. बिल मागितलं तर म्हणाला, "भाऊ, बिल काहून पाहिजे? ओरिजनल माल हाय, बिलात उगाच महाग पडंल." जोडीचे 3,200 रुपये फोनवरून दिले. माझी चूक तिथेच झाली.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत काम सुरू केलं. शॉकअपवर बसलेली स्प्रिंग चाक अधांतरी असतानाही दाबलेलीच असते. स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरचे हूक समोरासमोर लावून, दोन्ही बोल्ट थोडेथोडे आळीपाळीने आवळून आधी ती पुरेशी दाबावी लागते, मगच वरचा नट सोडायचा. ते सगळं नीट केलं. पुतण्या टॉर्च धरून शेजारीच बसला होता.

तीन आठवड्यांत गाडी पुढून बसली. उजवी बाजू डावीपेक्षा दोन बोटं खाली. पुन्हा उघडलं आणि स्प्रिंगवरचा रंग ब्रशने खरवडला. खाली गंजाने खाल्लेले खड्डे! टोकाला, जिथे स्प्रिंग वाटीत बसते, तिथे जुनी घासल्याची खूण स्पष्ट दिसत होती. व्हर्नियर लावला तर दोन्हींच्या तारेची जाडीही सारखी नव्हती. म्हणजे दोन वेगळ्या गाड्यांतून निघालेल्या स्प्रिंग, काळ्या रंगात बुडवून जोडी म्हणून विकल्या. गंजाच्या खड्ड्यापाशीच स्प्रिंग तुटते. कॉम्प्रेसरमध्ये दाबलेली असताना तुटली असती तर पुतण्याचा चेहरा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. हा विचार अजून झोपू देत नाही.

दुकानदार म्हणाला, "तुम्ही घरीच बसवली ना? चुकीची बसवली असंल." घरी काम करणाऱ्याला ते हमखास हेच ऐकवतात, कारण गॅरेजची पावती आपल्याकडे नसते. म्हणून बसवायच्या आधीच दोन्ही स्प्रिंग सपाट फरशीवर शेजारी उभ्या करा, उंची आणि वेढे जुळवा, तारेची जाडी मोजा, टोकं निरखा आणि फोटो काढून ठेवा. सीलबंद पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेली नसेल, तर हातसुद्धा लावू नका. पार्ट नंबर आपल्याच मॉडेलचा आहे का, तेही पाहा. बिल घ्याच, थोडं महाग पडलं तरी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद एवढाच माझा पुरावा. त्या दोन्ही स्प्रिंग पोत्यात बांधून ठेवल्या आहेत. तक्रारीचं काय ते झालं की ग्राइंडरने कापून, तुकडे करूनच भंगारात देईन.