आर्चेस ३०० जीएसएम: ससून डॉक रंगवायला कागद हाच, पण ब्लॉक नको

ससून डॉक, म्हणजे मुंबईत कुलाब्याचं मासळी बंदर, जलरंगात रंगवायचं म्हणजे निम्म्याहून जास्त कागदावर ओला धक्काच रंगवायचा. वितळलेल्या बर्फाचं पाणी, त्यात पडलेले ट्रॉलरचे रंग, निळे प्लॅस्टिकचे क्रेट, पाट्या उचलणारे खलाशी आणि कोलंबी सोलायला ओळीने बसलेल्या बायका. बोटी आणि माणसं नीट काढता येणारे पुष्कळ असतात, चित्र फसतं ते खालच्या पाण्यात. म्हणून आर्चेस या जलरंगाच्या कागदाची पारख इथे त्या पाण्यावरूनच केली आहे. पोत कोल्ड प्रेस (मध्यम दाणेदार), वजन ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम).

कागद शंभर टक्के कॉटनचा आहे आणि जिलेटिनचं साइझिंग (पाणी एकदम शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ) वरवर न राहता आतपर्यंत मुरलेलं असतं. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर ओला धक्का रंगवताना दोन अडचणी येतात: वॉश (पातळ रंगाचा सलग हात) भराभर आणि असमान सुकतो, आणि दुसरा हात फिरवला की खालचा रंग उठून चिखल होतो. आर्चेस ओल जास्त वेळ धरून ठेवतो आणि पहिला थर सुकल्यावर जागचा हलत नाही. राखाडी वॉशवर बोटीच्या सावलीचा दुसरा, मग दोरांचा तिसरा थर बिनधास्त देता येतो.

धक्क्याच्या राखाडीसाठी तयार काळा किंवा पेन्स ग्रे नको. अल्ट्रामरीन निळा दोन भाग, बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एक भाग. पुढच्या जमिनीकडे येताना सिएना वाढवत न्या. २८ × ३८ सेंटीमीटरच्या कागदावर अर्धा भाग जमीन असेल, तर निदान तीन चहाचे चमचे पातळ रंग आधीच करून ठेवा. मध्येच संपला आणि नवा करत बसलात की जोड दिसणारच. वॉश वरून खाली ओढा, बोर्ड पंधरा अंशांच्या आसपास तिरपा ठेवा. पाण्याची चकाकी उतरून नुसती ओल उरली, की प्रतिबिंबं सोडायची: बोटीच्या अंगाचा निळा, क्रेटचा निळा, लुगड्यातला लाल. रंग दाट हवा, ब्रश जवळजवळ कोरडा. या क्षणी पाणचट ब्रश टेकवला तर पाणी रंगाला ढकलतं आणि करवती कडेचा डाग पडतो. आर्चेसवरही पडतो, कागद महाग म्हणून तो माफ करत नाही.

बर्फाचा पांढरा मात्र आधीच राखायला हवा. आर्चेसची ही खरी उणी बाजू. रंग तंतूंत बसतो, त्यामुळे नंतर ओल्या ब्रशने उचलून शुभ्र पांढरा परत मिळत नाही, फिकट राखाडी मिळते. थॅलो निळा किंवा हिरवा, असा कागदात पक्का बसणारा रंग असेल तर तीही नाही. बर्फाचे ढीग आणि पापलेटच्या अंगावरची चमक कागद कोरा ठेवूनच काढा. बारीक दोर, क्रेटच्या कडा यांना मास्किंग फ्लुइड (रंग बसू न देणारा, नंतर चोळून काढायचा रबरी द्रव) चालतं. फ्लुइड लावलेला कागद उन्हात ठेवू नका, ते भाजून चिकटतं. वॉश पूर्ण सुकल्यावर त्याच दिवशी चोळून काढा. पृष्ठभाग मजबूत आहे, साल निघत नाही.

जाळ्यांच्या ढिगाला कोल्ड प्रेसचा दाणा पुरतो. १२ नंबरचा गोल ब्रश फडक्यावर टिपून आडवा घासला की जाळं आपोआप दिसतं. रफ, म्हणजे जास्त खरखरीत पोतावर हे आणखी छान होतं, पण या आकारात माणसांचे हात-डोकी दाण्यात हरवतात. गुळगुळीत हॉट प्रेसचा या विषयात विचारच नको.

आता ब्लॉकबद्दल, म्हणजे कागदांच्या बांधीव गठ्ठ्याबद्दल. चारी कडा डिंकाने बांधलेल्या, वेगळा बोर्ड नको, टेप नको. घरी उत्तम. डॉकवर हीच सोय आड येते. वरचा कागद पूर्ण सुकून सुरीने सोडवेपर्यंत खालचा मिळत नाही, आणि मुंबईच्या दमट हवेत, त्यातून समुद्राकाठच्या पहाटे, वॉश सुकायला कंटाळा येईल इतका वेळ लागतो. मासळीचा लिलाव तर पहाटेच जोरात असतो. ओला काढला तर कागद वाकतो. त्यापेक्षा ५६ × ७६ सेंटीमीटरचा पूर्ण ताव घ्या, चार तुकडे करा, दोन हलक्या बोर्डांवर टेपने लावा आणि आळीपाळीने काम करा. हिशोबही तावाच्याच बाजूने पाहा. २३ × ३१ च्या ब्लॉकमध्ये २० कागद असतात. पाच तावांचे २० तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा जवळपास दीडपट मोठा. दुकानात किमती विचारताना पाच ताव विरुद्ध एक ब्लॉक असंच विचारा.

(डॉकमध्ये फोटोला मनाई असू शकते. रेखाटनाची वही उघडण्याआधीही गेटवर विचारून घेतलेलं बरं. माणसं थांबत नाहीत, त्यामुळे जागेवर छोटी पेन्सिल-रेखाटनं आणि रंगाच्या नोंदी, मोठं काम घरी, हाच मार्ग बहुतेकांना सोयीचा पडतो. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत बोटी निवांत उभ्या असतात. तेव्हा त्यांचे आकार पक्के करून घ्यावेत.)

घेताना आणि ठेवताना एक काळजी. जिलेटिन दमटपणाने खराब होतं, मग तो कोणत्याही कंपनीचा कागद असो. दिसायला कागद तसाच राहतो, पण वॉश दिल्यावर जागोजागी गडद ठिपके उमटतात आणि ते कशानेच जात नाहीत. तावाच्या कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब ठेवा. थेंब फुगून बसला तर कागद चांगला. टीपकागदासारखा लगेच शोषला तर तो ताव रेखाटनाला वापरा, रंगाला नाही. उरलेले ताव प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आडवे ठेवा. भिंतीला टेकवून मुळीच नको, पावसाळ्यात भिंतीची ओल आधी तिथेच चढते.