नवा मॅनेजर: अजून एक मोसम, की आत्ताच निरोप?

नव्या मॅनेजरचे पहिले काही महिने सरलेत, संघ पॉइंट टेबलात मधेच कुठेतरी अडकलाय आणि फॅन मंडळींचे दोन तट पडलेत. एक म्हणतो, थोडी कळ काढा. दुसरा म्हणतो, जानेवारीच्या आत उचलबांगडी करा, नाहीतर मोसम गेला. तुमचं अजून ठरत नसेल तर हे तुमच्यासाठी. मी आर्सेनल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा फॅन. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मला बाजू निवडावी लागली होती, त्यामुळे माझा कल लपणार नाही. पण दुसरी बाजू अजिबात हलकी नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ती बाजू म्हणजे चेल्सी, लंडनचाच दुसरा क्लब. २०१२ च्या मार्चमध्ये त्यांनी मॅनेजर विलास-बोआसला काढलं आणि त्याचाच सहायक दी मात्तेओ याला खुर्चीवर बसवलं. मे महिन्यात म्युनिकमध्ये, बायर्नच्याच मैदानावर, पेनल्टींवर चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली. २०२१ मध्ये पुन्हा तेच: २५ जानेवारीला लॅम्पार्डला निरोप, दुसऱ्या दिवशी टुखेल हजर, आणि २९ मेला पोर्तोत हाव्हर्ट्झच्या गोलवर मँचेस्टर सिटीला हरवून चषक. खेळाडू तेच होते. टुखेलने मागे तीन बचावपटू लावले, लॅम्पार्डने मोसमाच्या सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या रूडिगरला नियमित उतरवलं आणि गोल खाणं जवळपास थांबलं. लॅम्पार्ड त्या क्लबचा लाडका माणूस. त्याला वेळ द्या म्हणणारे पुष्कळ होते. वेळ दिला असता तर तो चषक आला असता असं मला वाटत नाही. संयमाच्या बाजूने बोलणाऱ्याने हे आधी मान्य करावं आणि मग पुढे बोलावं.

मात्र २०१२ मध्ये ही युक्ती का चालली तेही बघा. मालक अब्रामोविचच्या काळात मॅनेजर येत-जात राहिले तरी चेक, टेरी, लॅम्पार्ड (तेव्हा खेळाडू), ड्रोग्बा वर्षानुवर्षं तिथेच होते. संघाला कणा होता, डोकं बदललं तरी चालायचं. २०२२-२३ मध्ये असा कणा उरला नव्हता. उन्हाळ्यात भरपूर खरेदी करून सप्टेंबरमध्ये टुखेलला काढलं, पाच वर्षांचा करार देऊन ब्रायटनहून पॉटरला आणलं, एप्रिलमध्ये त्यालाही काढलं, एका सामन्यापुरता सॉल्टर, मग हंगामी म्हणून परत लॅम्पार्ड. शेवट बाराव्या नंबरावर, ४४ पॉइंट. क्लब तोच, उपाय तोच, निकाल उलटा. तुमच्या संघात असा कणा आहे का, हे तुम्हीच प्रामाणिकपणे ठरवा. बहुतेक संघांत नसतो.

आता आमची बाजू. आर्टेटा २०१९ च्या डिसेंबरमध्ये आर्सेनलचा मॅनेजर म्हणून आला. पहिल्याच मोसमात एफए कप मिळाला, पण लीगमध्ये आठवा नंबर, पुढच्या वर्षी पुन्हा आठवा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ब्रेंटफर्डकडून ०-२, चेल्सीकडून ०-२, सिटीकडून ०-५. तीन सामने, एकही गोल नाही, टेबलात सगळ्यांच्या खाली. माझ्या ओळखीतले बहुतेक आर्सेनलवाले त्या आठवड्यात ‘आर्टेटा जाऊ दे’ म्हणत होते, आणि त्यांच्याकडे कारणं भक्कम होती. मी राहू दे म्हटलं. फर्ग्युसन १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला आणि पहिला चषक १९९० मध्ये मिळाला, हा दाखला तेव्हा सगळे द्यायचे. मला तो कधीच पटला नाही. तो काळ वेगळा होता, आणि चार वर्षं वाट बघून फर्ग्युसन न निघालेलेच जास्त असणार.

माझं ठरलं ते एका वाक्याच्या वैतागातून: ‘हे त्याचे खेळाडू नाहीत.’ मॅनेजर बदलला की पहिलं वर्षभर हेच ऐकायचं. आर्टेटाच्या आधीच्या एमरीच्या वेळी ऐकलं की ही त्याच्या आधीच्या व्हेंगरची माणसं आहेत. आर्टेटाच्या वेळी ऐकलं की ही एमरीची आहेत. आणि ते खोटंही नसायचं, म्हणून तर जास्त त्रास व्हायचा. २०१९ च्या उन्हाळ्यात क्लबने ७.२ कोटी पौंड मोजून पेपे या खेळाडूला आणलं, तोवरची क्लबची सगळ्यात महागडी खरेदी. एमरीला खरं तर झाहा हवा होता, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. चार महिन्यांत एमरीला काढलं आणि पेपे आर्टेटाच्या वाट्याला आला, ज्याने त्याला मागितलंच नव्हतं. शेवटी २०२३ मध्ये करार संपवून त्याला तसाच सोडून दिला. अर्ध्या बांधकामात गवंडी बदलावा आणि नव्याने आल्या आल्या सांगावं की भिंत ओळंब्यात नाही, तसं हे चालतं. त्याचं म्हणणं बरोबर असतं, पण भिंत पाडायचा खर्च आपल्यालाच. ओझील, सोक्रातिस, मुस्ताफी, ऑबामेयांग: आर्टेटाची पहिली दोन वर्षं बरीचशी अशी आवराआवर करण्यात गेली. तिसऱ्या वर्षी त्याला काढलं असतं तर ती आवराआवर नव्या माणसाने नव्याने सुरू केली असती, आणि मी ते वाक्य पुन्हा ऐकत बसलो असतो. तेवढी ताकद माझ्यात नव्हती.

याच काळात एमरीचं काय झालं तेही लक्षात ठेवा. २०२१ च्या मेमध्ये त्याच्याच विलारेआल या स्पॅनिश क्लबने युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत आम्हाला बाहेर काढलं आणि पुढे ती स्पर्धा जिंकली. माणूस कमअस्सल नव्हता; आमच्याकडे घडी बसायला जे लागतं ते त्याला मिळालं नाही.

नुसता वैताग पुरेसा नसतो, काहीतरी दिसावंही लागतं. मला दोन गोष्टी दिसल्या होत्या. २०२० च्या २६ डिसेंबरला, लीगमध्ये सात सामने विजयाविना गेल्यावर, आर्टेटाने स्मिथ रो, साका आणि मार्टिनेली या पोरांना उतरवून चेल्सीला ३-१ हरवलं. त्या दिवशी पहिल्यांदा चेंडू कुठून कुठे न्यायचा हे अकराही जणांना माहीत आहे असं वाटलं. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात घेतलेले व्हाइट, ओडेगार्ड, रॅम्सडेल, तोमियासू, टावारेस, लोकोंगा हे सहाही जण तेविशीच्या आतबाहेरचे. कुणीतरी बसून पाच वर्षांचा विचार केलाय हे त्या खरेदीवरून कळत होतं. पुढे पाचवा नंबर, आणि मग २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं दुसरा. त्या तीन वर्षांत लीग एकदाही हाती आली नाही. चषकच मोजायचे असतील तर चेल्सीवाला आजही माझ्यापुढे आहे, हे नाकारत नाही.

सगळ्यात वाईट सौदा मात्र या दोन्हींपैकी नाही. तो आहे अर्धवट संयमाचा, आणि त्यासाठी मँचेस्टर युनायटेडकडे बघा. मॉयेसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांच्या आत काढलं. टेन हागने २०२४ ला एफए कप जिंकला, जुलैमध्ये त्याचा करार वाढवला, उन्हाळाभर त्याच्या पसंतीची खरेदी केली आणि ऑक्टोबरमध्ये त्याला घरी पाठवलं. मग मागे तीन बचावपटू लावणारा अमोरिम आला, तोही चार बचावपटूंसाठी जमवलेल्या संघात. त्या मोसमात पंधरावा नंबर. काढायचंच होतं तर मेमध्ये काढायचं, खरेदीच्या आधी. उन्हाळ्यात पैसे खर्च करून दिवाळीत हकालपट्टी, यात दोन्हीकडचे तोटे पदरात पडतात.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये मॅनेजर लोबेराच्या हाताखाली इंडियन सुपर लीगची शील्ड (टेबलात पहिलं आल्याबद्दल मिळते ती) आणि प्लेऑफनंतरचा आयएसएल चषक, दोन्ही जिंकलं. तो गेला, बकिंगहॅम आला आणि संघ पाचव्या नंबरावर घसरला, प्लेऑफही हुकलं. गतविजेत्यांसाठी ही घसरण मोठी होती. पण २०२२ च्या एप्रिलमध्ये रियाधला याच संघाने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिला विजय. ज्यांनी ते सामने बघितले त्यांना पुढचं वर्ष फार अनपेक्षित वाटलं नसेल: १८ सामने अपराजित, ४६ पॉइंट आणि शील्ड. लीगचा नंबर एक सांगत होता आणि मैदानावरचा खेळ दुसरंच.

तेव्हा तुमच्या संघाबद्दल मला विचाराल तर मी दोनच गोष्टी विचारीन. गेल्या उन्हाळ्यातली खरेदी बघून हा संघ कसा खेळणार आहे याचा अंदाज येतो का? आणि हार रोज नवी आहे, की दर आठवड्याला तोच गोल त्याच बाजूने खातोय? अंदाज येत असेल आणि चुका बदलत असतील तर तेराव्या नंबरावरही मी त्याला पुढचा उन्हाळा देईन. माणसं त्यानेच निवडलेली असून दीड-दोन वर्षांनी तोच गोल त्याच बाजूने होत असेल तर मीही थांबणार नाही. फक्त निरोप मोसम संपल्यावर द्या, आणि नव्या माणसाचं नाव ठरेपर्यंत एकही मोठी खरेदी करू नका.