पोकरच्या चिप्सची पेटी आणि पॅक केलेल्या दोन राण्या

दिवाळीच्या आधी ही पेटी मागवली. तेव्हापासून तिच्यावर आठ-नऊ डाव झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. खोकं फोडल्या फोडल्या पाच तारे देणाऱ्यांतली मी नाही. आत तीनशे चिप्स (डावात पैशांच्या जागी लावायच्या चकत्या), पत्त्यांचे दोन कॅट, 'डीलर' लिहिलेली एक पांढरी चकती, आणि हे सगळं ॲल्युमिनियमची म्हणून विकलेल्या पेटीत. लातूरला घरपोच दोन हजार सातशे रुपयांना पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण थोडं वाईटही बोलायचं आहे.

पार्सल आलं तेव्हा जाऊबाईंनी विचारलं, "एवढे चिप्स? उपासाला?" तीनशे चिप्सची पेटी म्हणजे तीनशे पाकिटं, असा त्यांचा समज.

आमच्या घरात पोकर आणला तो भाच्याने. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, तिथे मोबाइलवर शिकला. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि त्याचं ॲप बंद पडलं. नणंदबाईंनी देवाला नारळ फोडला. सुट्टीत आला तो हात शिवशिवत असल्यासारखा, आणि आम्हा सगळ्यांना शिकवून गेला: प्रत्येकाला दोन-दोन पत्ते, मधे सगळ्यांची मिळून पाच पानं, आणि त्यांवर चिप्स लावत जायचं. पैसे आम्ही लावत नाही. सगळ्यांत आधी जो बाद होईल त्याने सगळ्यांचा चहा करायचा आणि रात्रीची भांडी घासायची. जो जिंकेल त्याने पुढच्या वेळी काय जेवायचं ते ठरवायचं. मधल्या सहा जणांना काहीच नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याआधी आमच्याकडे शंभर प्लास्टिकच्या चिप्सचा डबा होता, खेळण्यांच्या दुकानातला. आठ माणसांत वाटायला गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला पाच पांढऱ्या, तीन लाल आणि तीन निळ्या. पांढरी एकाची, लाल पाचाची, निळी दहाची धरली की झाले पन्नास. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधीच दोघांनी आळीपाळीने मधे घालायची सक्तीची रक्कम, एक छोटा आणि एक मोठा. आमचे ब्लाइंड 1-2 चे, म्हणजे प्रत्येकाकडे जेमतेम पंचवीस मोठे ब्लाइंड. एकाने रक्कम चढवली, दुसऱ्याने त्यावर चढवली की तिसऱ्याला विचार करायला जागाच नाही. दोन राण्या आल्या? ढकला सगळं. दहाची जोडी आली? तीही ढकला. चांगले पत्ते पॅक करायचे, म्हणजे टाकून देऊन त्या हातातून बाहेर पडायचं, की नाही हा प्रश्न त्या डब्यात मावतच नव्हता.

नव्या पेटीत तो मावतो, आणि माझ्या लेखी हिचा सगळ्यात मोठा गुण हाच. चिप्सवर आकडे छापलेले नाहीत, त्यामुळे किंमत आपण ठरवायची. छापील आकड्यांचा सेट घेऊ नका असंही सुचवीन. आम्ही पांढरी 25, लाल 100, हिरवी 500, निळी 1000 धरली. प्रत्येकाला आठ पांढऱ्या, आठ लाल, चार हिरव्या, दोन निळ्या, मिळून 5000. आठ जणांना 176 चिप्स लागतात, उरलेल्या पेटीत राहतात. ब्लाइंड 25-50, म्हणजे सुरुवातीला हातात शंभर ब्लाइंड. लास वेगासला पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मुख्य सामना होतो, दहा हजार डॉलर प्रवेश फी वाला. तिथे 60,000 चिप्स देतात आणि पहिला ब्लाइंड 100-200, म्हणजे तीनशे ब्लाइंड, आणि ब्लाइंडची एकेक पातळी दोन-दोन तासांची. आपलं तेवढं नाही, पण शंभरातही माणसाला श्वास घेता येतो.

वजनाबद्दल जाहिरातीत साडेअकरा ग्रॅम लिहिलंय. खालच्या किराणावाल्याच्या काट्यावर दहा चिप्स ठेवल्या, 114 ग्रॅम भरल्या. बरोबर धरा. 'क्ले' म्हणतात ते मात्र खरं नाही. बाहेर प्लास्टिक आणि आत धातूची चकती आहे. आवाज छान येतो. आमचे हे वर्तमानपत्र वाचताना एका हाताने नुसत्याच दोन चिप्स वरखाली करत बसतात, तेवढं कारण घरात भांडणाला पुरतं.

आता खोड. हिरवी आणि निळी ट्यूबलाइटखाली सारखीच दिसतात. दिवसा काही नाही, पण डाव रात्रीच होतात. ज्याच्यासमोर चार हिरव्या आहेत त्याच्याकडे दोन हजार आहेत की चार हजार, हे तीन फुटांवरून कळत नाही. पॅक करायचं की नाही हे निम्मं समोरच्याच्या राशीवर ठरतं, तेव्हा ही खोड किरकोळ नाही. आम्ही शेवटी निळ्यांवर नेलपॉलिशचा ठिपका दिला.

पेटीसोबत एक घडीपत्रिका येते. तिच्यात ब्लाइंड वाढवायचा तक्ता आहे: दर दहा मिनिटांनी दुप्पट. आम्ही पहिल्या दिवशी तसंच केलं. चाळीस मिनिटांत ब्लाइंड 400-800 वर! ज्याने काहीच गमावलं नाही त्याच्याकडेही सव्वासहा ब्लाइंड उरले. घरचे लोक वाटप करत, गप्पा मारत खेळतात, दहा मिनिटांत तीन-चार हात होतात. म्हणजे बारा-पंधरा हातांत सगळा निकाल. अशा तक्त्यावर चांगली जोडी पॅक करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, कारण पुढची येईपर्यंत चिप्सच उरत नाहीत. तक्ता फाडून टाका. आम्ही वीस मिनिटांची पातळी केली आणि 25-50, 50-100, 75-150, 100-200 असं सावकाश चढवत गेलो. पेटी तीच, पण खेळ दुसराच झाला.

आणि त्याच दुसऱ्या खेळात, भाऊबीजेच्या रात्री, चौथ्याच हाताला मला बदाम राणी आणि इस्पिक राणी आली.

मोठा ब्लाइंड माझा. शेजारचे काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी दीडशे केले. काका आजवर क्वचितच काही चढवतात. फाइल पुढे सरकवण्याआधी तीनदा वाचणारा माणूस. भाऊजींनी त्यावर पाचशे केले. भाऊजी कशावरही करतात. मी पाचशेला कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले. आणि काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि दोन्ही हातांनी सगळी रास पुढे ढकलली. पाच हजार. भाऊजींनी लगेच पॅक केलं. माझ्याकडे साडेचार हजार.

"वहिनी, काय करूलालाव? राणी असंल तर टाका की!" भाऊजी बोलले. खेळताना बोलायचं नाही हा नियम त्यांना अजून लागू झालेला नाही. आणि त्यांनी ओळखलं कसं, हे मला अजूनही कळलेलं नाही.

मी गणित शिकवते, अकरावी-बारावीला, बावीस वर्षं झाली. तर गणित असं. मधे जमले 6,025 (काकांचे 5,000, भाऊजींचे आणि माझे पाचशे-पाचशे, छोट्या ब्लाइंडचे 25), मला घालायचे 4,500. म्हणजे शंभरात जवळपास 43 वेळा जिंकणार असेन तरच कॉल परवडतो. काकांकडे काय असेल? काकांना ओळखून मी फक्त तीन गोष्टी धरल्या: एक्क्यांची जोडी, राजांची जोडी, किंवा एक्का-राजा. चार एक्क्यांतून दोन निवडायच्या तऱ्हा सहा. राजांच्याही सहा. एक्का-राजा मात्र चार गुणिले चार, सोळा. एक्के किंवा राजे असतील तर माझ्या राण्या शंभरात अठराच्या आसपास जिंकतात. एक्का-राजा असेल तर छप्पन्नाच्या आसपास. अठ्ठावीस तऱ्हांची सरासरी काढली की हाती चाळीस येतात. लागतात त्रेचाळीस.

तीनचा फरक. वर्गात एवढ्यासाठी मी कुणाला मार्क कापत नाही.

पण हा झाला नुसता चिप्सचा हिशोब. लातुरात राहून हे समजवायला दुसरं उदाहरण नको. नीट असो की जेईई मेन, बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक. चार पर्यायांतून डोळे मिटून एक टिक केलं तरी सरासरी पाव मार्क पदरात पडतो, म्हणून मी मुलांना सांगते, दोन पर्याय बाद करता आले की सोडू नका, टिक करा. पण उद्या कुणी असा नियम केला की एक उत्तर चुकलं तर पेपर काढून घेऊन हॉलबाहेर, तर माझाच सल्ला उलटा होईल. टुर्नामेंट म्हणजे तो हॉल आहे. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही, चिप्स संपल्या की मात्र सगळंच संपतं. मोठ्या स्पर्धांत सुरुवातीला हा फरक थोडासाच असतो, कारण बक्षिसं फार पुढे असतात. आमच्याकडे मात्र भांड्यांचा ढीग थेट पहिल्या बाद होणाऱ्याच्याच नशिबी. आणि ती भाऊबीज होती, सतरा माणसं जेवली होती.

मी पॅक केलं. राण्या उताण्या टाकल्या, जाऊबाई "अगं बाई!" म्हणाल्या. माझ्याकडे अजून साडेचार हजार होते, नव्वद ब्लाइंड. जुन्या डब्यात पॅक केल्यावर हातात काय उरलं असतं ते तुम्हीच मोजा. काकांनी आपले पत्ते न दाखवता गठ्ठ्यात सरकवले.

भाच्याला हे पटलं नाही, आणि त्याचं म्हणणं इथे लिहायला हवं. एक्के, राजे, राण्या, या तीन जोड्यांपैकी एखादी येण्याची शक्यता 221 त तीन, म्हणजे चौऱ्याहत्तर हातांत एकदा. आमचा पूर्ण डाव साठ-सत्तर हातांचा. "मामी, रात्रभरात एकदा येणारी वस्तू तू टाकलीस." खरं आहे. शिवाय तो म्हणतो, कच्चे खेळाडू सुरुवातीलाच सगळ्यात जास्त चिप्स वाटत असतात, तेव्हा नाही घेतलं तर कधी घेणार? आणि जिथे बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून बसता येतं तिथे एवढं जपण्यात अर्थ नाही. हेही मान्य. समोर काकांच्या जागी तो स्वतः असता तर मी कॉलच केला असता, कारण तो गुलामांच्या जोडीवर आणि दहांच्या जोडीवरही रास ढकलतो. त्या दोन जोड्या यादीत घातल्या की माझे चाळीस एकदम बावन्न होतात. पत्ते तेच, माणूस बदलला की उत्तर बदलतं. 'राण्या पॅक कराव्यात का' असं नुसतं विचारणाऱ्याला मी तरी काही सांगू शकत नाही.

एक्क्यांची जोडी मात्र मी कधी टाकणार नाही. समोर कुठलेही पत्ते धरले तर ती सरासरी शंभरात 85 वेळा जिंकते, राजांसमोरही 82. त्यापुढे भांडी घासायला लागली तरी चालतील. आणि घासलीही आहेत: दुसऱ्या एका रात्री एक्का-राजा घेऊन भाच्याला कॉल केला, त्याच्याकडे निघाल्या दोन नव्व्या, मधली पाचही पानं माझ्यासाठी कोरडी गेली. पहिली बाद मी. रागात चहात आलं घालायचं विसरले.

आता पत्त्यांबद्दल. सोबतचे दोन्ही कॅट कागदी आहेत आणि सरळ सांगायचं तर टाकाऊ आहेत. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे शेतात गेलो होतो. कडब्याची कोप, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव, बाहेर भज्जी-उंडे आणि आंबील झाल्यावर सतरंजीवर पेटी उघडली. भाऊजी म्हणाले, "पांडवांसमोर पत्ते काढू नका, त्यांना आधीच लई भोगावं लागलंय." चिप्स वाऱ्यात जागच्या हलल्या नाहीत, वजनाचा फायदा तिथे कळला. पत्ते मात्र हरभऱ्यात उडाले. गोळा करून आणले तर एकावर आंबील सांडली. इस्पिकचा राजा. पाठीवर पिवळट डाग, पुसून जाईना. त्यानंतरचे दोन तास तो राजा कुणाच्या हातात आहे हे सगळ्या शेताला माहीत होतं, आणि तो हातात असलेला माणूस चढवायला लागला की सगळे धडाधड पॅक. मला दोनदा आला, दोन्ही वेळा नुसते ब्लाइंड मिळाले. परत आल्यावर प्लास्टिकचा कॅट वेगळा घेतला, धुता येतो. पेटी घेणार असाल तर हा खर्च आधीच धरून चाला.

पेटीची एक कडी तिसऱ्या आठवड्यात निखळली. विक्रेत्याला फोटो पाठवला, त्याने 'आपला दिवस शुभ असो' एवढंच लिहून पाठवलं. गंजगोलाईच्या बाजारातल्या एका कुलूपवाल्याने वीस रुपयांत नवी बसवून दिली, मूळच्यापेक्षा घट्ट.

पाचपैकी साडेतीन. चिप्सना साडेचार, पत्त्यांना शून्य, घडीपत्रिकेला उणे.

काकांकडे त्या रात्री काय होतं हे मी तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले आठवत नाही. दुसऱ्यांदा हसले. परवा संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले, पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "ताई, ती फाइल बंद झाली. माहितीचा अधिकार टाका." काकू आतून ओरडल्या, "सत्ती होती एक, एवढं मला माहितीय!" दुसरं पान कोणतं, ते त्यांनाही सांगितलेलं नाही.